लुपानार, बावनखणी, कसबीण : 'त्या' घराला काय म्हणायचं?

शारजात आल्यावर मी संध्याकाळच्या अरबीच्या वर्गाला जायला लागले. एकदा शिक्षिकेने फळ्यावर तीन अक्षरं लिहिली : काफ, सीन, बा. शब्द झाला 'कस्ब'. अर्थ कमाई, कमावणं. मी उत्साहाने हात वर केला. म्हटलं, हा शब्द आमच्या मराठीत आहे. आम्ही 'कसब' म्हणतो, म्हणजे हातातलं कौशल्य. 'कसबी' माणूस म्हणजे आपल्या कामात मुरलेला माणूस. शिक्षिका खूश झाल्या. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "आणि बाई असेल तर?"

मी गप्प बसले. मग म्हटलं, "बाईसाठी तसा शब्द वापरत नाहीत."

हे खोटं होतं. शब्द आहे. कसबीण. ज्यांचं मराठी घरात बोलण्यापुरतं आहे त्यांनी हा शब्द बहुधा ऐकलेला नसेल, आणि ज्यांनी ऐकलाय त्यांनी तो बहुतेक शिवी म्हणूनच ऐकलाय. कसबीण म्हणजे वेश्या. पुरुषाला लावला की कौतुक आणि बाईला लावला की शिवी, असा हा एकाच मुळाचा शब्द.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी एका इंग्रजी पुस्तकात असाच एक दबकत वापरलेला शब्द वाचत होते : 'लुपानार'. अर्थ कुंटणखाना. इंग्रजीत हा इतका दुर्मीळ आहे, की चांगलं इंग्रजी येणाऱ्यालाही कोश उघडावा लागतो. हा लेख या दोन शब्दांबद्दल आहे. म्हणजे खरं तर त्या घरांत राहणाऱ्या बायकांबद्दल, आणि त्यांचं नाव कोण ठरवतं याबद्दल.

लांडगीचं घर

लॅटिनमध्ये 'लुपुस' म्हणजे लांडगा आणि 'लुपा' म्हणजे लांडगी. बोलीत 'लुपा'चा दुसरा अर्थ वेश्या. लुपा राहतात ते 'लुपानार'. लांडगीने वाढवलेल्या रोम्युलस आणि रीमसची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल. लिव्ही हा रोमन इतिहासकार ती सांगताना हळूच एक शक्यता नोंदवतो : मुलांना सांभाळणाऱ्या मेंढपाळाच्या बायकोलाच लोक 'लुपा' म्हणत असतील आणि त्यातून ही दंतकथा निघाली असेल. म्हणजे रोमची आई लांडगी होती की वेश्या, हा प्रश्न रोमन लोकांनाही पडलेला होता.

इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत एक लुपानार १८६२ मध्ये उत्खननात सापडलं. दोन मजले, खाली पाच खोल्या आणि वर पाच. खालच्या प्रत्येक खोलीत दगडी ओटा, त्यावर गादी टाकत असणार. खोली इतकी लहान की ओटा सोडला तर उभं राहण्यापुरती जागा. भिंतींवर शंभराहून जास्त ओरखडलेले मजकूर आहेत : नावं, फुशारक्या, टोमणे. त्यांतली बरीच नावं ग्रीक वळणाची आहेत, आणि ती बहुधा गुलाम बायकांची असावीत. आज पर्यटक तिथे रांग लावतात आणि भिंतीवरची चित्रं बघून हसत बाहेर पडतात. आत राहणाऱ्या कुणालाही स्वतःला लांडगी म्हणवून घ्यायचं होतं का, याचा मात्र भिंतींवर पत्ता लागत नाही.

लॅटिनमधून आलेला आणखी एक शब्द तुम्हाला माहीत असेल. 'फोर्निक्स' म्हणजे कमान. कमानीखालच्या, तळघरासारख्या जागांत हा धंदा चाले. म्हणून 'फोर्निक्स'चा अर्थ कुंटणखाना झाला आणि पुढे त्यातूनच इंग्रजीतला 'फॉर्निकेशन' हा शब्द आला. एकाच गोष्टीला एकदा जनावराचं नाव दिलं, एकदा इमारतीच्या भागाचं. हे लक्षात ठेवा, मराठीत आपल्याला याची गरज लागणार आहे.

बर्टनसाहेबाचे तीन लुपानार

आता लुपानार मला भेटलं कुठे, ते सांगते. रिचर्ड बर्टन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी, १८४२ मध्ये मुंबईत उतरला. भाषांचं त्याला वेड होतं. हिंदुस्थानी, गुजराती, मराठी असं करत त्याने एकेक परीक्षा दिल्या. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकल्यावर बर्टन तिकडे गेला. चाळीस वर्षांनी, १८८५ पासून, त्याने 'अरेबियन नाइट्स'चं भाषांतर खासगीरीत्या, फक्त वर्गणीदारांसाठी छापलं. त्याच्या शेवटच्या निबंधात तो एक आठवण सांगतो. १८४५ मध्ये नेपियरच्या कानावर आलं, की कराचीत तीन 'लुपानार' आहेत आणि तिथे बायका नाहीत तर मुलगे आणि हिजडे ठेवलेत. चौकशीला बर्टनला पाठवलं. तो बुशहरचा व्यापारी मिर्झा अब्दुल्ला असं सोंग घेऊन तिथे गेला. त्याने अहवाल दिला, तो मुंबई सरकारकडे पोचला आणि त्यामुळे आपली कारकीर्द बिघडली, असं तो म्हणतो.

तो अहवाल आजवर कुणाला सापडलेला नाही. आपल्या हातात आहे ते बर्टनने म्हातारपणी सांगितलेलं, आणि त्यातला 'लुपानार' हा शब्द.

शारजात बसून हे वाचताना मला नकाशा दिसायला लागला. बुशहर इराणच्या किनाऱ्यावर, आमच्यापासून आखातापलीकडे. तिथे ब्रिटिश रेसिडेंट बसायचा आणि शारजात त्याचा स्थानिक एजंट असायचा. हा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. सिंध १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला. म्हणजे शारजा, बुशहर, कराची आणि मुंबई यांचे कागद शेवटी एकाच कचेरीत जात. बर्टनने सोंगासाठी बुशहरचा व्यापारी निवडला, कारण तसा माणूस कराचीच्या बाजारात दिसला तर कुणाला नवल वाटलं नसतं.

पण त्याने लॅटिन शब्द का निवडला? इंग्रजीत शब्दांची कमी नव्हती. तेव्हाच्या सुशिक्षित पुरुषांची ही एक ठरलेली युक्ती होती. गिबनने आपल्या रोमच्या इतिहासात थिओडोरा राणीबद्दलचा चावट मजकूर तळटिपांत ग्रीकमध्येच ठेवला होता. ज्याने महागड्या शाळेत लॅटिन-ग्रीक शिकलंय त्याने वाचावं आणि बाकीच्यांना, म्हणजे बायकांना, नोकरांना, कामगारांना, कळू नये. बर्टन तर याच्याही पुढचा. त्याने आणि मुंबईच्या मुलकी सेवेत असलेल्या आर्बथनॉटने 'काम शास्त्र सोसायटी' नावाची नावापुरती संस्था काढून १८८३ मध्ये 'कामसूत्र' इंग्रजीत छापलं. त्यामागचं संस्कृतचं खरं काम भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांनी केलं होतं. मुखपृष्ठावर त्यांची नावं नव्हती.

हाच बर्टन १८५१ मध्ये गोव्यावर पुस्तक लिहितो तेव्हा शिरोड्याच्या नाचणाऱ्या बायकांचं वर्णन करतो. तिथे मात्र लुपानार नाही. तिथे शब्द येतो 'बायादेर', जो पोर्तुगीज 'बायलादेरा', म्हणजे नाचणारी, यावरून फ्रेंचमधून आलेला आहे. मूळ तोही लॅटिनच. एका ठिकाणी किळस दाखवणारा शब्द, दुसऱ्या ठिकाणी रंगीत, परदेशी वासाचा. दोन्हीकडे त्या लोकांनी स्वतःला काय म्हटलं असतं ते आपल्यापर्यंत पोचत नाही.

मराठीतली घरं

आपल्याकडे काय होतं? सगळ्यात रुळलेला शब्द 'कुंटणखाना'. त्याचा पुढचा भाग संस्कृत 'कुट्टनी'वरून, म्हणजे गिऱ्हाइकं आणून देणारी दलाल बाई. मागचा 'खाना' फारसी, जो कारखाना, दवाखाना, तोफखान्यात आहे. हे नाव दलालिणीवरून पडलंय, आत राहणाऱ्यांवरून नाही.

दुसरा शब्द 'बावनखणी'. हा मला फार आवडतो, कारण तो 'फोर्निक्स'चा सख्खा भाऊ आहे. 'खण' म्हणजे जुन्या घरात दोन खांबांमधली जागा. घर किती मोठं ते खणांवरून सांगत. पेशवाईतल्या पुण्यात नाचगाण्याच्या बायकांची वस्ती बावनखणी नावाने प्रसिद्ध होती, आणि मग बावनखणी म्हणजे तसली कुठलीही जागा असा अर्थ पसरला. रोममध्ये कमान, पुण्यात खण. घराच्या बांधणीचं नाव घेतलं की घरातल्या माणसांचं घ्यावं लागत नाही.

तिसरा शब्द उलट दिशेने जातो. 'नाटकशाळा' ऐकून तुम्हाला थिएटर वाटेल. पण जुन्या मराठीत नाटकशाळा म्हणजे ठेवलेली बाई, सरदाराची रखेल. इथे जागेचं नावच बाईला चिकटलं.

आणि मुंबईचं कामाठीपुरा. नाव पडलं ते कामाठ्यांवरून. तेलुगू मुलखातून आलेले, बांधकामावर राबणारे हे मजूर. वस्तीचं नाव मजुरांचं होतं. आज एखाद्याने आपला पत्ता कामाठीपुरा सांगितला की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या साध्या कुटुंबांनाही त्याची झळ बसते.

कसबी आणि कसबीण

आता परत माझ्या वर्गात येऊ. आधी एक गोंधळ दूर करते. शारजात 'अल कसबा' नावाचा कालवा आहे, सुट्टीच्या दिवशी लोक तिथे फिरायला जातात. तो आपला कसब नाही. तिथली अक्षरं क़ाफ आणि साद आहेत आणि त्या मुळाचा अर्थ वेत, बोरू. गावाला म्हणतो तो 'कसबा', पुण्याची कसबा पेठ, हा त्याच अक्षरांचा. जरीच्या तारेला म्हणतात ते कसबही तिकडचंच. मराठीने क आणि क़, स आणि साद एकत्र केले, म्हणून तीन वेगळे अरबी शब्द आपल्याकडे जुळे दिसतात. कौशल्य आणि कसबीण मात्र काफ-सीन-बा यातून, म्हणजे कमाईतून आलेले.

कमाईवरून धंदा, धंद्यावरून त्यातलं कौशल्य. पुरुषाच्या बाबतीत शब्द असा वर चढत गेला. बाईच्या बाबतीत कमाईवरून धंदा, आणि धंदा म्हणजे एकच धंदा. हिंदी-उर्दूतही 'कसबी'चे हे दोन्ही अर्थ आहेत, एक कारागिराचा आणि एक वेश्येचा. कमावणारा पुरुष ही साधी गोष्ट होती. स्वतःच्या नावाने कमावणारी बाई ही शंकेची गोष्ट होती.

मराठीत याला जोड आहे 'रांड' या शब्दाची. मूळ संस्कृत 'रंडा' म्हणजे विधवा. आजही 'रंडकी' म्हणजे नवरा मेलेली. विधवेचा शब्द वेश्येचा झाला, कारण दोघींच्या डोक्यावर नवरा नाही. ताराबाई शिंद्यांनी बुलढाण्यातून १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली तेव्हा त्यांचा राग नेमका यावर होता, की ज्या दोषांसाठी बाईला नाव ठेवता तेच पुरुषात असतात, मग त्याला का नाही?

इथे मला स्वतःला थांबवावं लागतं. 'बघा, मराठीने तिला लांडगी न म्हणता कमावणारी म्हटलं, किती पुढारलेली भाषा!' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. शब्दाचं मूळ सभ्य असलं म्हणून लोक सभ्य वागत होते असं होत नाही. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी आहेत, म्हणजे गुलाम बायका, ज्यांची खरेदी-विक्री व्हायची. व्यभिचाराचा ठपका ठेवून सरकारने गुलाम केलेल्या बायका आहेत. त्यांच्या बाबतीत कमाई होती, पण ती त्यांच्या हातात पडत नव्हती. 'कमावणारी' हा शब्द तेही झाकून टाकू शकतो.

पाच शब्दांचा एक शब्द

हे मला पुस्तकी वाटलं नाही, कारण माझ्याकडून हीच चूक होत होती. मी इंग्रजीत एक लेख लिहीत होते. मराठी कागदांत कलावंतीण, नायकीण, कसबीण, बटीक, कुणबीण असे पाच शब्द आले होते. मी पाचही मूळ रूपात ठेवले. एका परीक्षकाने शेरा मारला, की वाचकाला जड जातंय, सरळ इंग्रजी 'प्रॉस्टिट्यूट' वापरा. मुदत जवळ होती. मी दोन ठिकाणी बदललं. छापून आल्यावर वाचलं, तर दरबारात गाऊन बिदागी घेणारी कलावंतीण आणि विकत आणलेली कुणबीण एकाच ओळीत एकच झाल्या होत्या.

ब्रिटिश सरकारनेही हेच केलं होतं, फक्त कायद्याच्या जोरावर. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याखाली मोठ्या शहरांत बायकांची वेश्या म्हणून नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. पण नाचणारी, गाणारी, देवाला वाहिलेली, ठेवलेली आणि विकलेली, या सगळ्यांसाठी एकच रकाना असण्याची सवय राहिली. मी तोच रकाना दीडशे वर्षांनी भरत होते, आणि कारण काय, तर वाचकाची सोय.

हा प्रश्न आजही सुटलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली, बायकांबद्दलचे कुठले शब्द टाळावेत आणि त्याऐवजी कुठले वापरावेत याची. त्यात 'प्रॉस्टिट्यूट'ऐवजी 'सेक्स वर्कर' सुचवलं होतं. काही महिन्यांतच आक्षेप आला, की मानवी तस्करीत ओढल्या गेलेल्या मुलीला 'वर्कर' म्हणायचं का? मग न्यायालयाने तो पर्याय बदलून फसवून आणलेली, भाग पाडलेली आणि व्यवसाय करणारी असे वेगवेगळे शब्दप्रयोग दिले. म्हणजे एका शब्दाचे पुन्हा अनेक करावे लागले.

त्या स्वतः काय म्हणतात

गोव्याच्या कलावंत-नायकिणींच्या समाजाने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. बर्टनने ज्यांना बायादेर म्हटलं त्यांच्याच पुढच्या पिढ्या संघटित झाल्या आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून 'गोमंतक मराठा समाज' या नावाने उभ्या राहिल्या. त्यांनी जुनं नाव टाकलं आणि नवं स्वतः निवडलं.

सांगलीत उलटं घडलं. १९९६ मध्ये तिथल्या बायकांनी संघटना काढली आणि तिचं नाव ठेवलं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', अर्थात व्हॅम्प. ज्या शब्दाने हिणवलं जातं तोच पाटीवर लिहिला. आणि आपल्या कामाबद्दल बोलताना त्या साधा शब्द वापरतात : धंदा. 'मी धंदा करते.'

धंदा, म्हणजे कस्ब. अरबी न शिकता, कोश न उघडता, सांगलीच्या बायका त्याच अर्थापाशी येऊन पोचल्या आहेत जो माझ्या शिक्षिकेने फळ्यावर लिहिला होता.

शारजाच्या अरबी भाषा अकादमीने अरबीचा ऐतिहासिक शब्दकोश २०२४ मध्ये पूर्ण केला. त्याचे १२७ खंड आहेत, आणि कुठला शब्द कुठल्या काळात कुठल्या अर्थाने वापरला गेला हे त्यात पुराव्यांसह दिलंय. आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश आहे, दाते आणि कर्वे यांचा १९३० च्या दशकातला सात खंडांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे. दोन्ही मोठी कामं आहेत आणि मी ती रोज वापरते. पण कसबीण कधी कमावणारी होती आणि कधी शिवी झाली, मधल्या काळात तिला कोण काय म्हणत होतं, हे एका ठिकाणी सांगणारा मराठी ऐतिहासिक कोश माझ्या टेबलावर नाही. ते काम अजून कागदोकागदी शोधत करावं लागतं. तुमच्यापैकी कुणाला असलं काम करावंसं वाटलं, तर त्यासाठी मराठी लागेल, मोडी लागेल, थोडी फारसी-अरबी लागेल. लॅटिन आलं तर उत्तमच.

लेखाची चूक मी पुढच्या लेखात दुरुस्त केली. पाचही शब्द ठेवले आणि प्रत्येकाला दोन-दोन ओळींचा खुलासा दिला. वाचकाला जड गेलं तर जाऊ दे.

आणि मागच्या आठवड्यात अरबीच्या वर्गात मी शिक्षिकेला खरं उत्तर सांगितलं. शब्द आहे म्हटलं, आणि त्याचं काय झालं तेही सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण चूक शब्दाची नव्हती." आणि त्यांनी फळ्यावर पुढचं मूळ लिहायला घेतलं.